कोड तोच, आग्रह वेगळे

वाशीम जिल्ह्यातली एखादी विद्यार्थिनी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड फोनवर स्कॅन करते आणि ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावर धडा उघडतो. दीक्षा ज्या ‘सनबर्ड’ सॉफ्टवेअरवर उभी आहे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता आणि बदलता येतो. फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या गाभ्यातला लिनक्सही तसाच खुला. अशा सॉफ्टवेअरला कोणी ‘मुक्त’ म्हणते, कोणी ‘ओपन सोर्स’. फरक कुठे आहे, हे त्या फोनमध्येच कळते.

‘मुक्त’ची चळवळ आधीची. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मिळेना. कागद अडकला की सगळ्यांना संदेश जाईल, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती. ती राहूनच गेली. 1983 मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. त्यांची मागणी चार स्वातंत्र्यांची: सॉफ्टवेअर हवे त्या कामासाठी वापरावे, अभ्यासून बदलावे, त्याच्या प्रती वाटाव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही वाटावी. त्याचे पैसे घ्यायला त्यांची हरकत नव्हती. वापरणाऱ्याचा हक्क हिरावला जाणे त्यांना अन्यायाचे वाटत होते.

हक्कांची ही भाषा कंपन्यांना पचत नव्हती. 1998 च्या जानेवारीत नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करण्याची घोषणा केली. फेब्रुवारीत क्रिस्टिन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हे नाव सुचवले. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी त्यासाठी संस्था उभारली. नव्या गटाचे सांगणे व्यवहाराचे होते: कोड अनेकांनी पाहिला की चुका लवकर सापडतात, काम वेगाने सुधारते.

परवान्यांच्या बाबतीत मात्र दोघांचे बहुतेक जुळते. सनबर्डचा एमआयटी परवाना सुटसुटीत आहे. तो कोड घेऊन कोणी बंद सॉफ्टवेअरही बनवू शकते. लिनक्सचा जीपीएल कडक आहे. बदललेली आवृत्ती वाटायची तर तिचा कोडही द्यावा लागतो. दोन्ही परवाने दोन्ही गटांना मान्य आहेत.

मतभेद उघड झाला तो यंत्रांवरून. ‘टिवो’ या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स होते, कोडही मिळत होता. पण बदललेला कोड ते यंत्र चालवूच देत नसे. स्टॉलमन यांच्या फाउंडेशनने 2007 मध्ये काढलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती यंत्रांवरची अशी कुलपे रोखली. लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांना ती अट पटली नाही. लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. त्यामुळे कुलूपबंद फोनमधल्या लिनक्सचा कोड विद्यार्थिनी वाचू शकते, पण स्वतः सुधारलेले लिनक्स त्याच फोनवर बसवू शकत नाही.

भारत सरकारने 2015 मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण आणले. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीत उपलब्ध केले आहेत. शिकण्याची सोय आहे, म्हणूनच जिल्ह्यातल्या शाळांसाठी यंत्रे घेताना कोड खुला आहे का, एवढ्यावर थांबू नये. मुलांनी बदललेला कोड त्याच यंत्रावर चालेल का, हेही खरेदीच्या अटींत लिहून घ्यायला हवे.