गिटमधील खोडलेल्या शाखांची पुनःप्राप्ती

अनेकांनी मिळून लिहावयाच्या संगणक-आज्ञावलीच्या सामायिक भांडारातून चुकून काढून टाकलेली शाखा परत मिळविण्याची प्रक्रिया. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासासाठी २००५ मध्ये गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली तयार केली. तीत कामाचा प्रत्येक टप्पा ‘कमिट’ म्हणून जतन होतो व त्याच्या आशयावरून त्याची ओळखखूण ठरते. शाखा ही स्वतंत्र प्रत नसून अखेरच्या कमिटकडे निर्देश करणारे केवळ नाव असते. त्यामुळे शाखा खोडली असता नाव नाहीसे होते, काम लगेच नष्ट होत नाही.

प्रत्येक संगणकावरील ‘रेफलॉग’ या नोंदवहीत अखेरच्या कमिटची ओळखखूण सापडल्यास तेथून शाखा पुन्हा उभारता येते. मध्यवर्ती भांडारात ही नोंदवही बहुधा नसते. तेथे सहकाऱ्यांच्या प्रती उपयोगी पडतात. उदा., जळगावच्या आज्ञावलीकाराने मध्यवर्ती भांडारातील शाखा खोडली, तरी धुळ्याच्या सहकाऱ्याने ती पूर्वी उतरवून घेतली असल्यास तो ती परत पाठवू शकतो. मात्र दरम्यान त्याने खोडलेल्या शाखांच्या खुणा आपल्या प्रतीतून छाटलेल्या नसाव्यात.

विलंब घातक ठरतो. कोणत्याही शाखेशी न जोडलेल्या कमिटच्या रेफलॉगमधील नोंदी, वेगळी योजना नसल्यास, ३० दिवसांनंतर सफाईस पात्र होतात आणि पुढे कमिटही नष्ट होऊ शकते. कमिट न केलेले काम या मार्गांनी मिळत नाही. म्हणून वरचेवर कमिट करणे व मुख्य शाखा खोडण्यास प्रतिबंध घालणे इष्ट असते.