दिवाळीच्या किल्ल्यावरचे सैनिक असे रंगवा

बाजारातले मातीचे मावळे बहुतेक एकाच सपाट रंगात येतात. थोडं शेडिंग केलं की तोच मावळा जिवंत दिसतो.

पांढऱ्या अंगरख्याला थेट पांढरा लावू नका. आधी मातकट राखाडी ॲक्रिलिक द्या. वाळल्यावर पाण्यासारखा पातळ तपकिरी सोडा. तो आपसूक चुण्यांत उतरतो. मग ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि पांढरा फक्त उंचवट्यांवर फिरवा: खांदे, गुडघे, पागोट्याचे पीळ. ढाल काळी, तिच्यावरची चार फुलं पितळी. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या आपल्या भंडाऱ्यात नमुना घरातच सापडेल. तांब्या उजेडात धरून बघा, काठावर झळाळी आणि खोलगट भागात चक्क तपकिरी.

आणि दरवेळी रायगडच कशाला? तुमसर तालुक्यातला आंबागड करा! देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला. म्हणून त्यावर मावळ्यांऐवजी गोंड आणि भोसल्यांचे शिपाई शोभतील. यंदा कोणी केला तर फोटो नक्की टाका.