पावसाळी ट्रेकचे जॅकेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंगरात वापरायच्या पावसाळी जॅकेटमध्ये पाणी अडवण्याचे काम एकटे कापड करत नाही. बाहेर नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे कापड असते. त्याच्या आतल्या अंगाला पाणी न सोडणारा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, नाहीतर लेप दिलेला असतो. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही : बाहेरच्या धाग्यांवर बसवलेले, थेंब टिकू न देणारे रसायन. लेबलावर त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. पापुद्रा पाणी अडवतो, कापड पापुद्र्याला ओरखड्यांपासून वाचवते आणि रसायन कापडाला भिजू देत नाही. ही तीन कामे एकच समजली गेली की गैरसमज सुरू होतात. त्यात भर पडते उसन्या सल्ल्याची. जॅकेट निवडण्याविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे स्कॉटलंड, आल्प्स किंवा अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातला गार पाऊस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. सह्याद्रीत जुलैचा पाऊस कोमट, वाऱ्याबरोबर येणारा आणि दिवसदिवस न थांबणारा असतो. त्यामुळे तिथे चांगले ठरलेले जॅकेट इथे चांगले ठरेलच असे नाही.

‘विंडचीटर पावसाला चालते’

थोड्या वेळापुरते चालते. विंडचीटरचे कापड घट्ट विणीचे असते आणि त्यावर पाणी झटकणारे रसायन असते. म्हणून भुरभुर पावसात थेंब ओघळून जातात आणि दुकानात त्यावर शिंपडलेले पाणीही कापडात शिरत नाही. पण आत पापुद्रा नसतो. मोठी सर आली की कापड पाणी पिते आणि अंग भिजते. लेबलावरच्या ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ या दोन शब्दांत हाच फरक आहे.

खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे जॅकेट उलटे करून शिवणी पाहणे. सुईने पाडलेले प्रत्येक भोक पाण्याची वाट असते, म्हणून खऱ्या पावसाळी जॅकेटच्या शिवणींवर आतून उष्णतेने चिकटवलेली पट्टी असते. काही जॅकेटांत ती फक्त खांद्यांवर आणि टोपीवर लावलेली असते. पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्याला तेवढी पुरत नाही. चकचकीत रबरी दिसणारी चेनही पूर्ण जलरोधक नसते. तिच्या मागे किंवा पुढे कापडाची झडप असलेली बरी.

‘मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितके जॅकेट चांगले’

लेबलावर ५,०००, १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर असे आकडे असतात. त्यांचा पर्जन्यमापकातल्या मिलिमीटरशी काही संबंध नाही. भारतीय हवामान खाते चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक झालेला पाऊस सर्वांत वरच्या श्रेणीत धरते. त्या हिशेबाने १०,००० हा आकडा अचाट वाटतो. प्रत्यक्षात तो दाबाचा आकडा आहे. आयएसओ ८११ या चाचणीत कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब फुटून आले की तो दाब नोंदवतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब.

पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या जवळपासही नसतो. दाब वाढतो तो अंगाच्या आणि सामानाच्या वजनाने. दहा किलोची सॅक शंभर चौरस सेंटिमीटर पट्ट्यांवर पेलली, तर तिथे साधारण १,००० मिलिमीटरइतका दाब पडतो. साठ किलोचा माणूस ओल्या कातळावर दोन्ही गुडघे टेकून बसला आणि टेकलेली जागा तेवढीच असली, तर तो दाब ६,००० च्या घरात जातो. सॅकच्या पट्ट्या हलतात, ठिकठिकाणी रुततात आणि घासतात, शिवाय कापड जुने होत जाते. ही सगळी सूट धरली तरी नवे असताना १०,००० चा आकडा असलेले जॅकेट ट्रेकला पुरेसे आहे. त्याच्या वरच्या आकड्यांसाठी मोजलेले जादा पैसे पाणी अडवण्यात फारशी भर घालत नाहीत. तेच पैसे चांगल्या शिवणींसाठी, डोक्याबरोबर वळणाऱ्या टोपीसाठी आणि घट्ट आवळता येणाऱ्या मनगटांसाठी मोजणे शहाणपणाचे आहे. कातळटप्प्यावर हात वर करून खोबण धरली की पाणी बाहीतून थेट काखेपर्यंत उतरते. कापडाचा आकडा तिथे कामाला येत नाही.

‘ब्रीदेबल जॅकेटमध्ये आतून भिजत नाही’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, आणि त्याला एका खऱ्या शोधाचा आधार आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना असे आढळले की तापवलेले पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन ज्याचे बनते ते प्लास्टिक, झटक्याने ताणले तर ते न तुटता कितीतरी पट लांब होते आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. पाण्याचा थेंब त्या छिद्रांत शिरू शकत नाही, वाफ मात्र जाते. १९७६ च्या सुमारास या पापुद्र्याचे कापड गोर-टेक्स या नावाने बाजारात आले. पहिल्या जॅकेटांत एक उणीव निघाली : घामाचा आणि त्वचेचा तेलकटपणा छिद्रांत बसला की तिथून पाणी झिरपे. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आतून पॉलियुरेथेनचा एक अखंड थर देण्यात आला. या थराला छिद्रे नसतात. वाफेचे रेणू दमट बाजूने त्यात शोषले जातात आणि कोरड्या बाजूने बाहेर पडतात. स्वस्त जॅकेटांतला पॉलियुरेथेनचा लेपही बऱ्याच अंशी असाच चालतो.

‘कोरड्या बाजूने’ या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. जॅकेट घाम बाहेर ढकलत नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच वाफ आपोआप बाहेर जाते. चौतीस अंश तापमानाच्या घामेजल्या त्वचेलगत हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. बाहेर पाच अंशांची संपृक्त हवा असेल, तर तिच्यात तो ०.९ किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि ४.४ चा फरक वाफेला बाहेर काढतो. पायथ्याच्या जंगलात, चोवीस अंशांच्या संपृक्त हवेत, हाच दाब ३ किलोपास्कल असतो. फरक उरतो २.३ चा, म्हणजे जवळपास निम्मा. जॅकेट तेच असते. त्याची कामगिरी मात्र हवेनेच निम्म्यावर आणलेली असते. अशा हवेत उघड्या अंगावरचा घामही लवकर वाळत नाही.

लेबलावरचा दुसरा आकडा इथे फसवा ठरतो. ‘१०,००० ग्रॅम’ याचा अर्थ प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत तेवढी वाफ बाहेर जाते. तासाला हे सव्वाचारशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. सॅक घेऊन खडी चढण चढणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. शिवाय ही चाचणी घेण्याच्या अनेक पद्धती आहेत आणि एकाच कापडाचे आकडे त्या प्रत्येकीत वेगळे येतात. त्यामुळे पद्धत न सांगता छापलेल्या दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आयएसओ ११०९२ नुसार मोजलेला आरईटी हा आकडा अधिक भरवशाचा आहे. तो वाफेला होणारा अडथळा दाखवतो, म्हणून तो जितका लहान तितका चांगला; सहाच्या खाली असेल तर कापड उत्तम समजले जाते.

यावरून सह्याद्रीसाठी निष्कर्ष असा निघतो की पापुद्र्यापेक्षा उघडी जागा जास्त कामाची. काखेखाली लांब चेन असलेले, अंगावर थोडे सैल, खालून वारा खेळू देणारे जॅकेट महागड्या पापुद्र्याच्या तंग जॅकेटापेक्षा सुखाचे ठरते. चढताना ते काढून ठेवून पातळ सिंथेटिक टीशर्टवर भिजत चढणे हाही योग्य पर्याय आहे. अट एकच : कोरड्या कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये हवा. सॅकच्या वरच्या रेनकव्हरवर विसंबू नये. ते पाठीकडून उघडे असते आणि जॅकेटवरून ओघळलेले पाणी तिथूनच सॅकमध्ये शिरते.

‘सह्याद्रीत थंडी नाही, मग जॅकेट कशाला?’

आधीचा मुद्दा अर्धवट लक्षात ठेवला की हा दुसऱ्या टोकाचा समज होतो. महाबळेश्वरला जुलैत दिवसाचे तापमानही विशीच्या आसपासच राहते. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर त्याहून कमी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर त्यात समोरून येणाऱ्या वाऱ्याची भर पडते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. चालताना हे जाणवत नाही, कारण शरीर उष्णता तयार करत असते. वाट चुकली, कोणाचा पाय मुरगळला, ओढ्याला पाणी आले म्हणून थांबावे लागले, की तासाभरात दातखीळ बसते. शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू झाला असे मानतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा पुरतात. म्हणून सह्याद्रीत जॅकेटचे खरे काम अंग कोरडे ठेवणे हे नसून वारा अडवून ओल्या अंगाची ऊब टिकवणे हे आहे. माथ्यावर पोहोचण्याआधी आणि प्रत्येक लांब मुक्कामाला ते अंगावर असावे. आत सुती कपडा मात्र नको, कारण तो पाणी धरून ठेवतो.

मावळात आणि कोकणात भात लावणारे ज्या वस्तू वापरत आले, त्यांत हे जाणतेपण दिसते. बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले पाठीवरचा पाऊस अडवते आणि पोटाकडून उघडे राहते, म्हणून वाकून काम करणारा आत घामाघूम होत नाही. घोंगडीची खोळ भिजते, जडही होते, पण लोकर ओली असतानाही बरीच ऊब राखते. आजचा पोंचो हा त्याच वळणाचा : सॅकसकट अंग झाकणारा आणि हवेशीर. भीमाशंकरच्या रानासारख्या झाडोऱ्यात तो जॅकेटपेक्षा सरस आहे, आणि छत्रीसुद्धा तिथे निःसंकोच वापरावी. उघड्या धारेवर मात्र दोन्ही धोक्याची, कारण वाऱ्याने पोंचो तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

हिमालयाची गोष्ट वेगळी. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा बहर जुलै-ऑगस्टचा, म्हणजे ऐन पावसाचा, आणि उंची तीन हजार मीटरच्या वर. तिथल्या गार हवेत चांगला पापुद्रा खरोखर काम करतो आणि भिजत चालण्याची मुभा नसते. महाग जॅकेटचा पैसा वसूल होतो तो इथे.

‘हलके म्हणजे उत्तम’

अडीच थरांच्या जॅकेटांत पापुद्र्यावर आतून नुसता छापील लेप असतो. ती तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतात आणि मुठीएवढी होतात. तीन थरांच्या जॅकेटात पापुद्रा दोन कापडांच्या मध्ये सुरक्षित असतो. ते जड आणि महाग, पण सॅकच्या पट्ट्यांखाली जास्त टिकते. कारवीतून आणि करवंदीच्या जाळीतून वाट काढणाऱ्याने अगदी पातळ कापड घेऊ नये. खरेदीच्या वेळी सॅक पाठीला लावून, कमरपट्टा आवळून पाहावे; अनेक जॅकेटांचे खिसे पट्ट्याखाली दबून निरुपयोगी होतात.

‘जॅकेट गळायला लागले, आता नवे घ्यावे’

दोन-तीन पावसाळ्यांनंतर ही तक्रार येतेच, आणि बहुतेक वेळा जॅकेट गळत नसते. बाहेरचे रसायन मळाने आणि घर्षणाने, विशेषतः खांद्यांवर, निकामी झालेले असते. मग बाहेरचे कापड पाण्याने भरते, त्या ओल्या थरातून वाफ जवळपास बाहेर जात नाही, गार कापडाच्या आतल्या अंगाला घामाच्या वाफेचे पाणी होते आणि पाणी बाहेरून आले असे वाटते. उपाय आहे जॅकेट धुणे. ‘धुतले की वॉटरप्रूफपणा जातो’ हा समज नेमका उलटा आहे; मळ आणि घामच त्याचे नुकसान करतात. सौम्य द्रवरूप साबण थोडा वापरावा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून धुवावे. वाळल्यावर लेबलावर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने रसायन पुन्हा कामाला लागते. तरीही थेंब गोळा होऊन ओघळत नसतील, तर बाजारात मिळणारा फवारा किंवा धुण्यातून द्यायचा लेप द्यावा.

हे आता आणखी गरजेचे झाले आहे. जुने रसायन फ्लोरिनयुक्त, पीएफएएस गटातले होते. ते निसर्गात विघटित होत नाही. त्यातल्या पीएफओएचा समावेश २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला, कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्क राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांच्या कपड्यांवर निर्बंध आले, आणि गोर कंपनीनेही २०२२ पासून पॉलिएथिलीनचा फ्लोरिनमुक्त पापुद्रा आणला. हा बदल स्वागतार्ह आहे. फ्लोरिनमुक्त लेप पाणी चांगले झटकतो, पण तेलकट मळ झटकत नाही, म्हणून नवी जॅकेटे जुन्यांपेक्षा वारंवार धुवावी लागतात.

खरा शेवट होतो तो पॉलियुरेथेन विघटित झाल्यावर. ओल आणि उष्णता यांनी त्याची साखळी तुटते. गणपतीनंतर ओलसर जॅकेट घडी करून पिशवीत कोंबले आणि पुढच्या जूनमध्ये काढले, की आतला लेप चिकट झालेला असतो, कुबट वास येतो आणि पापुद्रे सुटतात. जॅकेट पूर्ण वाळवून, हवा लागेल अशा सावलीच्या जागी हँगरला टांगून ठेवले तर ते अनेक वर्षे जाते. शिवणीवरची पट्टी निघाली तर ती नवी चिकटवता येते. लेपच सुटू लागला असेल, तर त्याला धुण्याचा किंवा फवाऱ्याचा उपयोग नाही. ते जॅकेट पावसासाठी बाद समजावे.