आधी कान, मग यंत्र

मृग नक्षत्राच्या तोंडावर सेनगाव तालुक्यातील आमच्या गोरेगावच्या शिवारात एक पक्षी ओरडू लागतो. लोक त्याला पावशा म्हणतात. त्याचा सूर पायरीपायरीने चढत जातो आणि टोकाला पोचताच एकाएकी तुटतो. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते. संध्याकाळी बांधावर बसून असे आवाज ऐकणे हा आमचा जुना छंद आहे. त्याला खर्च नाही की गाजावाजा नाही.

या छंदात आता एक नवे साधन आले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेच्या ‘मर्लिन’ या ॲपमध्ये २०२१ साली आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय झाली व पुढे आपल्याकडील पक्ष्यांचाही तीत समावेश झाला. नव्याला न पाहताच नाक मुरडणे आम्हांस पसंत नाही. म्हणून आम्ही ते वापरून पाहिले.

त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. हे यंत्र आवाजाचे चित्र काढते. चित्रात डावीकडून उजवीकडे काळ सरकतो व खालून वर स्वराची उंची वाढते. पावशाची हाक त्यात जिन्यासारखी चढताना दिसते. जाणकारांनी नावे लावून ठेवलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांची अशीच चित्रे पाहून यंत्र शिकलेले असते. नवे चित्र त्यांपैकी कशाशी जुळते, एवढेच ते सांगते. आपल्या प्रदेशाचा संच एकदा उतरवून घेतला की शिवारात नेटवर्क नसले तरी अडत नाही.

बांधावर यंत्राने पावशाचे नाव क्षणात सांगितले. आम्हांस कौतुक वाटले. परंतु थोड्याच वेळात ध्यानी आले, की आमची नजर पडद्यावर खिळली होती आणि पावशा केव्हा गप्प झाला हे आम्हांस कळलेच नव्हते.

नाव समजणे ही ओळखीची सुरुवात होय. पावशा दिसायला शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा असतो. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि त्याचे पिल्लू बिचारे सातभाई वाढवतात. हे ध्यानी यायचे तर बांधावर बसावेच लागते. त्याची हाक हे पावसाचे आश्वासन नव्हे, ती त्याच्या विणीच्या हंगामाची हाक आहे, हेही जाणले पाहिजे. केवळ हाकेवर विसंबून कोरड्यात पेरले, तर दुबार पेरणी कपाळी येते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असे कृषितज्ज्ञ बजावतात.

डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीम येथे सुगरण पक्ष्यांवर दीर्घकाळ नजर ठेवली. नर घरटे विणू लागतो, मादी अर्धवट घरटे पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसरे विणायला घेतो, हा संसार त्यांनी १९३१ साली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. एका क्षणाच्या ओळखीतून हे हाती लागले नसते.

यंत्र चुकतेही. कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. अशा वेळी आवाजाचे चित्र शिक्र्याचे दिसेल, पण तारेवर बसलेला काळा, दुभंगल्या शेपटीचा नकलाकार आपल्या डोळ्यांनाच ओळखावा लागेल.

म्हणून आम्ही एक शिरस्ता ठेवला आहे. आधी पाव तास नुसते ऐकायचे. आपला अंदाज वहीत लिहायचा. मग यंत्राला विचारायचे. दोघांचे जुळले तर आनंदच. न जुळले तर यंत्र खिशात ठेवून पुन्हा ऐकायचे. मुलांच्या हाती यंत्र जरूर द्यावे, पण त्याआधी त्यांना एकदा बांधावर घेऊन बसावे. पावशाची हाक आपल्या कानांनी ओळखणारे मूल पुढे यंत्राची चूकही ओळखू शकेल.