युरोपची क्रूझ, सुरतची बॅग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आता मोठी झाली आहे. पहिली पिढी ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला उतरली. कुणी लूमवर उभं राहिलं, कुणी प्रोसेसिंग मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये घड्या घातल्या. बायकांनी घरबसल्या साड्यांना टिकल्या-स्टोन लावले. त्यांच्यापैकी काहींच्या मुला-नातवंडांनी आज आई-वडिलांना युरोप दाखवायचा, तोही क्रूझने, असं मनावर घेतलं आहे. ही आनंदाची गोष्ट आहे.

तिकिटं होतात, व्हिसा होतो आणि मग घरात एकच विषय सुरू होतो : तिकडे घालायचं काय? शेजारी, नातेवाईक, टूरवर जाऊन आलेले ओळखीचे, सगळेच सल्ले देतात. त्यातून नको ती खरेदी होते, बॅग जड होते. त्याहून वाईट म्हणजे ‘आपले कपडे तिकडे शोभणार नाहीत’ असा संकोच आईच्या मनात घर करतो. साऱ्या देशाला साड्या पुरवणाऱ्या शहरातल्या बाईला कपड्यांचा संकोच वाटण्याचं काहीच कारण नाही. म्हणून नेहमी ऐकू येणारे गैरसमज एकेक करून तपासू या.

गैरसमज : युरोप म्हणजे थंडी. जाड कोट आणि लोकरी स्वेटर हवेतच.

वस्तुस्थिती : युरोपात एकच हवामान नाही. आधी जहाज कुठे जाणार ते पाहा, मग महिना पाहा.

बार्सिलोना, रोमजवळचं चिव्हितावेक्या, नेपल्स, अथेन्सजवळचं पिरियस ही भूमध्य समुद्राची बाजू. इथे जुलै-ऑगस्टमध्ये कडक ऊन असतं. अथेन्समध्ये जुलैत दुपारचं सरासरी तापमान 33-34 अंशांपर्यंत जातं. जुलै 2023 मधल्या उष्णतेच्या लाटेत तिथला अ‍ॅक्रोपोलिस दुपारच्या वेळी पर्यटकांसाठी बंद ठेवावा लागला होता. सिसिलीत सिराक्यूजजवळ 11 ऑगस्ट 2021 रोजी 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं. तिथे जाड कोट नेणं म्हणजे निव्वळ ओझं.

नॉर्वेच्या फ्योर्डची सफर मात्र वेगळी. बर्गनमध्ये भर जुलैतही दुपारी 18-19 अंशच असतात आणि पाऊस वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पडतो.

सुरतेची माणसं बहुधा दोनदाच लांबच्या प्रवासाला निघतात. एक तर मे महिन्यात शाळांना सुट्टी लागल्यावर, नाहीतर दिवाळीत मार्केट बंद असताना. हे दोन्ही काळ युरोपात मधल्या ऋतूचे आहेत. मे महिन्यात बार्सिलोना, रोमला दुपारी साधारण 21 ते 24 अंश असतात, संध्याकाळी गारवा येतो. बर्गनला त्याच महिन्यात 15 अंशांच्या आसपास. दिवाळीच्या सुमारास भूमध्य भागात पाऊस वाढतो आणि नोव्हेंबरात रोमचं दुपारचं तापमान 17 अंशांच्या जवळ येतं. तेव्हा मेमध्ये भूमध्य भागात किनाऱ्यावर फिरताना हलकं स्वेटर पुरतं, दिवाळीत त्याला पावसाच्या जॅकेटची जोड लागते आणि नॉर्वेला तर या दोन्हींखाली थर्मलही हवं.

गैरसमज : भूमध्य समुद्रावर ऊन असतं, म्हणजे गरम कपडे अजिबात नकोत.

वस्तुस्थिती : किनाऱ्यावरचं ऊन आणि जहाजाच्या डेकवरचा वारा या दोन वेगळ्या गोष्टी. मोठं क्रूझ जहाज साधारण 20 नॉट, म्हणजे तासाला सुमारे 37 किलोमीटर वेगाने जातं. हवा स्थिर असली तरी डेकवर तेवढा वारा अंगावर येतोच. हजिरा-घोघा रो-रो फेरीच्या वरच्या डेकवर उभं राहिलेल्यांना याची कल्पना असेल. शिवाय जेवणाची दालनं आणि थिएटर एसीने थंडगार असतात.

उपाय सोपा आहे. एक जाड कपडा नेण्याऐवजी दोन-तीन पातळ थर घ्या. आत थर्मल किंवा साधा टी-शर्ट, त्यावर पातळ स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं हलकं जॅकेट. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि ऊन वाढलं की एकेक थर काढता येतो. डेकवरच्या वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून टोपीचं रेनकोट-जॅकेटच बरं. साडी नेसणाऱ्या बायकांनी परकराच्या आत थर्मल लेगिंग आणि ब्लाउजवर पातळ कार्डिगन घातलं की गारव्याचा प्रश्न मिटतो.

गैरसमज : प्रवासाला सुतीच कपडे चांगले, सिंथेटिक कधीच नको.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सुरतेतच असावा याचं वाईट वाटतं, कारण इथल्याच मिलमध्ये काम करणाऱ्यांना धाग्यांचे गुण हातांनी ठाऊक असतात. प्रमाणित हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो, लोकर 16 टक्क्यांच्या आसपास, व्हिस्कोस 11 ते 13 टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. बाकी सारं या आकड्यांतून आपोआप येतं.

कडक उन्हात चालताना घाम शोषून घेणारं कापड हवं. तिथे सुती आणि व्हिस्कोस सुखाचं. घट्ट विणीचं पॉलिएस्टर दुपारी अंगाला चिकटतं. पण थंडीत आणि पावसात हिशेब उलटा होतो. भिजलेलं सुती कापड लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. म्हणून थंड भागात अंगालगतचा थर सुती नको, पॉलिएस्टरचं थर्मल किंवा लोकरीचं हवं.

आणखी एक गुण. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये स्टेंटर मशीनवर पॉलिएस्टर कापड 180 अंशांच्या वर तापवून हीट सेट करतात. त्यामुळे त्याचा आकार पक्का बसतो आणि बॅगेत दाबलं तरी ते फारसं चुरगळत नाही. जिथे इस्त्री सहज मिळत नाही, तिथे हा गुण लाखमोलाचा. तेव्हा दुपारच्या फिरण्याला सुती किंवा व्हिस्कोस, संध्याकाळी जॉर्जेट किंवा क्रेप, अशी वाटणी करा.

गैरसमज : जहाजावर साडी चालत नाही. आईला जीन्स किंवा गाऊन घ्यावाच लागेल.

वस्तुस्थिती : साडी चालते, आणि समारंभाच्या रात्री तर ती उठून दिसते. क्यूनार्डसारखी ड्रेस कोड काटेकोर पाळणारी कंपनीसुद्धा तिच्या गाला रात्रींना राष्ट्रीय पोशाख मान्य करते. पुरुषांनाही तोच न्याय आहे. बंद गळ्याचा जोधपुरी कोट किंवा कुर्त्यावर चांगली बंडी, खाली बंद बूट, एवढं पुरेसं. एका रात्रीसाठी नवा सूट शिवायची गरज नाही.

साडी निवडताना वजन पाहा. साधी जॉर्जेट किंवा क्रेपची साडी 400 ते 500 ग्रॅमची असते. भरगच्च स्टोन वर्कची साडी त्याच्या कितीतरी पट जड होते, शिवाय तिचे खडे बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांना ओरखडतात. बारीक काठाच्या दोन साध्या साड्या एका जड साडीपेक्षा जास्त कामाच्या.

काळजी घ्यायची ती पायांची. सँटोरिनीसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता पाण्यातच थांबतं आणि प्रवाशांना छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. तिला टेंडर म्हणतात. हलत्या होडीत पाय टाकताना साडी घोट्याच्या वर नेसलेली असावी, निऱ्यांना पिन असावी आणि पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल किंवा बूट असावेत. ज्यांना साडीत भरभर चालता येत नाही, त्यांनी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा. निर्णय सोयीचा असावा, लाजेचा नसावा.

गैरसमज : जहाजावर रोज रात्री नटून-थटून जेवायला जावं लागतं.

वस्तुस्थिती : सात रात्रींच्या सफरीत अशा खास रात्री बहुतेक कंपन्यांकडे एक किंवा दोन असतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर तर औपचारिक पोशाखाची सक्तीच नाही. डॅन्यूब, ऱ्हाइनवरच्या नदी-क्रूझ आणखी साध्या असतात. ज्या रात्री नटायचा कंटाळा आला, त्या रात्री बुफेत जेवता येतं. मुख्य भोजनगृहात मात्र संध्याकाळी बनियनसारखे शर्ट, पोहण्याचे कपडे आणि स्लिपर चालत नाहीत, हे पुरुषमंडळींनी ध्यानात ठेवावं.

अनेक जहाजांवर एक रात्र पांढऱ्या कपड्यांची असते. आपल्याकडे वडीलधाऱ्या सवाष्ण बायकांना पांढरी साडी नेसायला आवडत नाही. त्यांना आग्रह करू नका. तो खेळ ऐच्छिक असतो, रंगीत कपड्यांत गेलं तर कुणी अडवत नाही.

गैरसमज : युरोपात कुणी कपड्यांकडे बघत नाही. काहीही घातलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : चालत नाही. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातूनच परत पाठवतात. ग्रीसमधल्या मेटिओराच्या मठांत बायकांनी लांब स्कर्ट घालावा असा नियम आहे, पँटवर प्रवेश देत नाहीत. इस्तंबूलच्या मशिदीत पादत्राणं काढून, बायकांनी डोकं झाकून जावं लागतं. साडी या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडते. ती घोट्यापर्यंत असते, पदर खांद्यावरून ओढून घेता येतो आणि डोक्यावरही घेता येतो. मुली-सुनांनी शॉर्ट्स नेल्या असतील तर त्यांच्या पिशवीत एक मोठी ओढणी आणि एक पूर्ण पँट (मेटिओराला मात्र लांब स्कर्टच) असू द्या. तरुण मुलांनीही गुडघ्यांवरच्या चड्डीत चर्चला जाऊ नये.

रस्त्यांवरही नियम आहेत. इटलीतल्या सोरेंटो शहराने 2022 मध्ये पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरण्यावर 500 युरोपर्यंत दंड लावला. बार्सिलोनातही अशी बंदी आहे. ग्रीसने 2009 मध्ये प्राचीन स्मारकांवर उंच टाचांच्या चपला घालून जायला मनाई केली, कारण अणकुचीदार टाचांनी दगड झिजतो. तसेही जुन्या गावांचे दगडी रस्ते टाचांना जुमानत नाहीत. सपाट, पायांत रुळलेले बूट न्या. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात घेतलेले नवे बूट हमखास फोड आणतात.

गैरसमज : जहाजाच्या पूलमध्ये उतरायला बिकिनीच लागते. नाहीतर पंजाबी ड्रेसवर उतरलं तरी चालेल.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. पोहण्याचा पोशाख हवा, पण तो किती झाकणारा असावा हे तुमच्या हाती आहे. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे किंवा घोट्यापर्यंतचे स्विमसूट सुरतेतही मिळतात. ते नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये इलास्टेन मिसळून बनवतात. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात आणि त्यांचे तंतू पूलच्या गाळणीत अडकतात, म्हणून ते घालून उतरू देत नाहीत.

गैरसमज : सात दिवसांचे सात जोड, वर जादाचे चार. शिवाय घरची इस्त्री बरोबर घ्यावी.

वस्तुस्थिती : आग लागण्याचा धोका असल्यामुळे जहाजाच्या खोलीत इस्त्री किंवा स्टीमर वापरायला बहुतेक कंपन्यांची बंदी आहे. बॅगेत सापडली तर जप्त करून सफर संपल्यावर परत देतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईखोली आणि तिथेच इस्त्री असते, इतर ठिकाणी पैसे देऊन कपडे धुऊन मिळतात. आतले कपडे, मोजे, पातळ टी-शर्ट खोलीतल्या बेसिनमध्ये धुऊन बाथरूममध्ये वाळवता येतात. पॉलिएस्टर रात्रीतून वाळतं. बाल्कनीच्या कठड्यावर मात्र काही टाकू नका. वाऱ्याने ते समुद्रात जातं आणि नियमालाही धरून नाही.

विमानाची वजनमर्यादा तिकिटावर छापलेली असते, ती आधी वाचा. जहाजावरच्या खोल्याही लहान असतात, मोठ्या बॅगा पलंगाखाली सरकवाव्या लागतात.

गैरसमज : बॅग आपल्यासोबतच राहते.

वस्तुस्थिती : जहाजावर चढताना मोठी बॅग बंदरावरच घेतात आणि ती काही तासांनी खोलीपाशी पोहोचते. म्हणून कपड्यांचा एक जोड, स्वेटर, औषधं, पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. उतरताना घालायचे कपडे आणि बूट आधीच बाजूला काढा, नाहीतर सकाळी नाइट ड्रेसमध्ये उतरायची वेळ येते.

मे महिन्यातल्या सात रात्रींच्या भूमध्य क्रूझसाठी एवढं पुरेसं

बाईमाणसांसाठी : दोन हलक्या जॉर्जेट किंवा क्रेपच्या साड्या, तीन-चार सुती वा व्हिस्कोसचे ड्रेस किंवा नेहमीच्या साध्या साड्या, एक कार्डिगन, एक मोठी ओढणी किंवा शाल, एक वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, चालण्याचे बूट आणि एक बरी चप्पल.

पुरुषांसाठी : तीन पँट, पाच शर्ट किंवा टी-शर्ट, एक कुर्ता-बंडी किंवा कोट, एक स्वेटर, तसंच जॅकेट, चालण्याचे बूट आणि एक बंद औपचारिक जोडी.

दोघांसाठी : स्विमसूट, उन्हाची टोपी, पाच-सहा दिवसांचे आतले कपडे आणि मोजे. दागिन्यांत खोटे घाला. बार्सिलोना आणि रोममध्ये पाकीटमार आहेत, सोनं घरीच बरं.

यातलं बहुतेक सगळं लिंबायतच्या कपाटात आधीपासून आहे. विकत घ्यायचं ते फार तर जॅकेट, चालण्याचे बूट आणि स्विमसूट. उरलेले पैसे बंदरावरच्या फिरण्यासाठी ठेवा आणि आईला सांगा की तिची साडी तिथे चालते.