सुटे भाग पास, पॅनल नापास

ड्राइव्ह, एसएमपीएस, पीएलसी, एचएमआय: युरोपला जाणाऱ्या एका कंट्रोल पॅनलमधल्या प्रत्येक भागावर, तो युरोपीय नियमांत बसतो असं सांगणारी सीईची खूण होती. सगळी प्रमाणपत्रं फाइलला लावलेली. तरीही पॅनलमधून किती रेडिओ लहरी बाहेर पडतात, त्या चाचणीत ते अडकलं.

चाचणीचा चेंबर म्हणजे आतून लहरी शोषणाऱ्या शंकूंनी मढवलेली खोली. पॅनल टर्नटेबलवर सावकाश फिरतं, अँटेना एक ते चार मीटरच्या दरम्यान वरखाली होते आणि बाहेर आपण स्क्रीनवरची रेघ बघत बसतो. कारखान्यात वापरायच्या उपकरणासाठी, 10 मीटरवरून मोजताना, 30 ते 230 मेगाहर्ट्‌झपर्यंतची मर्यादा 40 डीबी-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. रेघेने ती 40 मेगाहर्ट्‌झच्या आसपास ओलांडली.

मोटर चालवणारा ड्राइव्ह बंद केला तर रेघेतला तो उंचवटा गायब. पण दोष एकट्या ड्राइव्हचा म्हणणं अन्यायाचं होईल. पॅनलचं दार उघडून मोटरच्या केबलचं टोक पाहिलं. शिल्डची जाळी पिळून तिची शेपटी केलेली, ती दहा सेंटिमीटर लांब नेऊन अर्थच्या टर्मिनलला जोडलेली. घरच्या विजेच्या 50 हर्ट्‌झला ही जोडणी उत्तम. 40 मेगाहर्ट्‌झला मात्र तेवढीच तार वीस-पंचवीस ओहमचा अडथळा होते, आणि शिल्डवरचा गोंगाट ड्राइव्हकडे परतायचा सोडून दोन मीटरच्या केबलवरून हवेत पसरतो. इंजिनिअरने माउंटिंग प्लेटचा रंग खरवडला, जाळी पसरून धातूच्या क्लॅम्पने चहूबाजूंनी आवळली. रेघ मर्यादेखाली आली.

हाच क्लॅम्प ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेला असतो, केबलची कमाल लांबीही. प्रमाणपत्र त्या मांडणीला मिळालेलं असतं. म्हणून वायरमनच्या हाती मॅन्युअलचं ते पान दिलंच पाहिजे, असं मला फार वाटतं. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा ते जास्त कामाचं.

सुटं पास, एकत्र नापास, हे अर्थमधल्या गळतीच्या विजेबाबतही होतं. अर्थिंग लागणाऱ्या एका संगणकाला 3.5 मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते. मर्यादेला टेकलेले असे दहा संगणक गळती वाढली की वीज तोडणाऱ्या एका 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर घातले तर बेरीज 35 होते. नियमात सगळे बसतात, तरी आरसीसीबी पडतो.

युरोपीय आयोगाची मार्गदर्शिकाही स्पष्ट सांगते, की सीई असलेले भाग एकत्र केले म्हणून तयार वस्तू आपोआप नियमात बसत नाही. घोषणापत्रावर सही पॅनल बनवणाऱ्याची असते, ड्राइव्हवाल्याची नाही.