एका दिवसात एक पुस्तक

सिडनी, ऑगस्ट



तिकडे वरसे-रोह्याला कुंडलिका नदी दुथडी भरून वाहत असेल. इथे हिवाळा सरत आला आहे आणि शाळांमधला पुस्तकं लिहिण्याचा मोसमही. हा काय प्रकार आहे ते सविस्तर लिहितो, कारण या देशाचा स्वभाव मला त्यातून जेवढा कळला तेवढा दुसऱ्या कशातून कळला नाही.

'राइट अ बुक इन अ डे' नावाची एक स्पर्धा ऑस्ट्रेलियाभर चालते. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांचे गट करतात, एका गटात फार तर दहा जण. गटाने बारा तासांत एक संपूर्ण सचित्र पुस्तक लिहून पुरं करायचं. विषय आधी ठरवायची सोय नाही. त्या दिवशीच गटाला कळतं की गोष्टीत कोणती दोन माणसं हवीत, माणूस नसलेलं एक पात्र कोणतं, गोष्ट घडते कुठे आणि अडचण कसली. शिवाय पाच शब्द मिळतात, ते कुठे ना कुठे बसवावेच लागतात. त्यामुळे घरून रचून आणलेली गोष्ट उपयोगी पडत नाही. मोठ्यांनी लक्ष ठेवायचं, जेवण आणून द्यायचं, पण एक ओळही सुचवायची नाही. गट आपापल्या ओळखीच्या लोकांकडून देणग्या गोळा करतात. तो पैसा 'द किड्स कॅन्सर प्रोजेक्ट' या संस्थेमार्फत लहान मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला जातो आणि पुस्तकं जातात रुग्णालयांतल्या मुलांकडे.

स्पर्धेचा जन्म पर्थजवळच्या ग्रीनमाउंटच्या टेकडीवर झाला. कॅथरिन सुझाना प्रिचर्ड ही या देशाची मोठी कादंबरीकार तिथे राहत असे. १८८३ साली फिजीत जन्मलेली ही बाई ऑस्ट्रेलियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९६९ साली ती गेली. पुढे तिच्या घरात लेखकांचं केंद्र सुरू झालं आणि त्या केंद्राने ही कल्पना काढली. पैसा ज्या संस्थेला जातो ती उभी केली कॉल रेनॉल्ड्स नावाच्या पर्यटक बसच्या ड्रायव्हरने. सिडनीच्या कॅम्परडाउन भागातल्या मुलांच्या रुग्णालयाजवळ केस गेलेली दोन मुलं रस्ता ओलांडताना त्याला दिसली. तो रुग्णालयात गेला आणि अशा मुलांना आपल्या बसमधून सहलींना नेऊ लागला. त्यातून १९९३ साली संस्था उभी राहिली. हा माणूस ना डॉक्टर होता ना धनिक. इथल्या कितीतरी सार्वजनिक कामांचं मूळ असं साध्या माणसापाशी सापडतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे मुलाला कर्करोग झाला की बाप रोह्याहून गाडी पकडून परळला टाटा रुग्णालय गाठतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आली, टाटाचाही मोठा आधार असतो, तरी प्रवासाला, राहण्याला, बुडालेल्या मजुरीला पैसा लागतोच. म्हणून वर्गणी निघते ती अमक्याच्या मुलासाठी, त्याचा फोटो लावून. ऑस्ट्रेलियात १९८४ पासून मेडिकेअर ही सरकारी व्यवस्था आहे. सरकारी रुग्णालयात इथल्या रहिवाशाच्या मुलाच्या उपचाराचं बिल त्याच्या आईबापांच्या हातात पडत नाही. मग लोक पैसे कशाला गोळा करतात? पुढच्या औषधासाठी, अजून न झालेल्या संशोधनासाठी. ज्याला त्याचा उपयोग होईल तो मुलगा देणाऱ्याला कधीच दिसत नाही, कदाचित तो अजून जन्मालाही आलेला नसतो. न पाहिलेल्या माणसासाठी देण्याची ही सवय इथे शाळेतच लागते. एखाद्या दिवशी गणवेशाऐवजी घरचे कपडे घालून यायला परवानगी असते आणि त्या बदल्यात प्रत्येक मूल एक किंवा दोन डॉलरचं सोनेरी नाणं डब्यात टाकतं. मान्य संस्थेला दिलेली दोन डॉलरची देणगीसुद्धा आयकरातून वजा होते.

यंदा एका शाळेच्या ग्रंथालयात पालक म्हणून डबे पोहोचवायला गेलो आणि परवानगी घेऊन कोपऱ्यात बसलो. गटाच्या वाट्याला एक बसचालक आणि एक दातांची डॉक्टर आली होती, बरोबर एक घोरपड. स्थळ होतं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. पहिला तासभर नुसतं भांडण. घोरपडीने बोलायचं की नाही यावर दोन तट पडले. मग एका मुलीने फळ्यावर रकाने आखले आणि कामं वाटली: तिघं लिहिणार, दोघं चित्रं काढणार, एक टाइप करणार, एक शुद्धलेखन बघणार. दुपारी एका मुलाने शेवट सुचवला, त्यात डॉक्टर मरते. लिहायला जोरदार शेवट होता, दोघा-तिघांना आवडलाही. चित्रं काढणारा मुलगा मान वर न करता म्हणाला, "हे हॉस्पिटलमध्ये वाचणार आहेत." कोणी वाद घातला नाही. तो शेवट तिथेच खोडला आणि सगळे नव्या शेवटाला लागले. आपलं लिखाण कोणाच्या हाती पडणार हे ठाऊक असलं की लेखणीवर जबाबदारी येते. वर्षभर निबंध लिहून घेऊन जे शिकवता येत नाही, ते त्या एका वाक्याने झालं. निबंधाचा वाचक असतो फक्त गुण देणारा शिक्षक.

या पद्धतीत खोट नाही असं नाही. ज्या शाळेतले पालक खाऊनपिऊन सुखी, तिथले गट भराभर देणग्या जमवतात. कष्टकरी वस्तीतल्या गटाचं पुस्तक सरस असलं तरी त्यांची रक्कम लहान राहते. मला ते खटकतं.

आपल्याला यातलं काही परकं वाटू नये. ध्वजदिनाचा निधी आपली शाळकरी मुलं वर्षानुवर्षं जमवत आली आहेत. हस्तलिखिताची परंपरा तर मराठी शाळांचं वैभव आहे. चांगल्या अक्षराच्या मुलांनी लिहायचं, चित्रकलेच्या सरांच्या देखरेखीखाली मुखपृष्ठ रंगवायचं आणि संमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. पण प्रकाशनानंतर ते कपाटात जातं आणि तिथेच राहतं. निधी आणि हस्तलिखित या दोन गोष्टी आपण कधी एकत्र जोडल्या नाहीत, एवढंच.

म्हणून वरसे, रोहा, धाटाव, कोलाड इथल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक शनिवार ठरवा. मुलांना सकाळी पात्रं आणि स्थळ द्या. कुंडलिकेचा काठ, धावीर महाराजांची पालखी, रोहा स्टेशन, काहीही चालेल. आईवडिलांना वर्गाबाहेर ठेवा. प्रकल्पाची वही घरच्यांनी पुरी करून देण्याची आपली सवय इथे नडेल, तेवढं कडक राहा. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण धाटावच्या कारखान्यांच्या दारात जातोच, तसे छपाईच्या खर्चासाठी आणि निधीसाठीही जा. आलेला पैसा आणि पुस्तकं परळच्या टाटा रुग्णालयातल्या किंवा टाटाच्याच खारघरच्या केंद्रात उपचार घेणाऱ्या मुलांसाठी द्या. आधी तिथल्या समाजसेवा विभागाशी बोलून घ्या. केमोथेरपी चालू असलेल्या मुलांना संसर्गाची भीती असते, त्यामुळे हाताळलेली वही नको, नव्या छापील प्रती द्याव्यात. कोकणातून तिथे गेलेल्या एखाद्या मुलाला आपल्या गावच्या स्टेशनाची गोष्ट मराठीत वाचायला मिळेल.

ज्या शाळेला हे करायचं असेल तिने संपादकांकडे कळवावं. इथल्या गटांना देतात तशा पात्रांच्या आणि शब्दांच्या चिठ्ठ्या मराठीत तयार करून पाठवण्याचं काम माझ्याकडे लागलं.